धाप लागलेल्या माणसाने श्वास कसा रोखावा?

नमस्कार. सुरुवात एका प्रश्नाने करतो. तुम्ही जीव तोडून मारामारी करताय, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं की समोरच्याला डोळ्यांनी दिसतच नाही, तो तुमच्या श्वासावरून तुम्हाला शोधतोय. अशा वेळी काय कराल? श्वास घेतला तर तो येणार. नाही घेतला तर पुढचा ठोसा मारायला अंगात बळ उरणार नाही.

माझ्या मते कुंग फू आणि व्हॅम्पायर ह्यांना एकत्र आणणाऱ्या चित्रपटांमधली सगळ्यात मोठी कल्पना हीच. ती पडद्यावर आणायला पैसे लागत नाहीत, म्हणून मला तिचं जास्तच अप्रूप आहे.

हे दोन प्रकार खरं तर एकमेकांचे वैरी. भयपटाला अंधार हवा, थांबणं हवं, काहीतरी लपवणं हवं. हाणामारीच्या चित्रपटाला भरपूर उजेड हवा, कारण हातपाय स्वच्छ दिसले नाहीत तर मेहनत वाया. भयपटातला माणूस दुबळा असला तर आपण त्याच्यासाठी घाबरतो. कुंग फू पटातला नायक दहा जणांना लोळवतो. मग त्याच्यासाठी काळजाचा ठोका का चुकावा? ही गाठ सुटली नाही तर एका तिकिटात दोन अर्धवट चित्रपट पाहिल्यासारखं होतं.

१९७४ साली नेमकं तेच झालं. इंग्लंडची हॅमर आणि हाँगकाँगची शॉ ब्रदर्स ह्या दोन कंपन्यांनी मिळून ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ काढला. पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंगच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या गोष्टीतल्या व्हॅम्पायरशिकाऱ्याच्या, भूमिकेत थेट चीनमध्ये येतो आणि डेव्हिड चियांग व त्याची भावंडं त्याच्या बाजूने लढतात. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, विशेषतः मेलेले लोक जमिनीतून उठतात तो भाग. पण मारामारी सुरू झाली की व्हॅम्पायर हा नुसता मुखवटा घातलेला गुंड उरतो. त्याच्या जागी दरोडेखोर असते तरी त्या लढाईतला एकही ठोसा बदलला नसता. भीती एका खोलीत, कुंग फू दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद.

ते दार उघडलं ते जियांगशीने, म्हणजे चिनी लोककथांमधल्या ताठरलेल्या प्रेताने. हे प्रेत उड्या मारत येतं, कारण मेल्यावर अंग कडक झालेलं असतं, गुडघे वाकत नाहीत. हात समोर सरळ ताणलेले, अंगावर छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा झगा, डोक्यावर तशीच टोपी. कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की ते जागच्या जागी थिजतं. कागद उडाला की पुन्हा सुरू.

ह्या उड्यांमागे एक समजूत आहे. हुनान प्रांताच्या पश्चिम भागात प्रेतं हाकत नेण्याच्या कथा सांगतात. पोटासाठी दूर गेलेला माणूस तिकडेच मेला आणि प्रेत वाहून आणण्याची ऐपत घरच्यांकडे नसली, तर ताओ पंथाचा मांत्रिक रात्रीच्या वेळी त्याला चालवत गावी आणतो, असं लोक मानत. ह्याचा एक उलगडा असा सांगतात की, दोन माणसं लांब बांबूंवर प्रेतं उभी बांधून पुढून-मागून खांद्यावर न्यायची. चालताना बांबू लवायचा आणि अंधारात लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, प्रेतं उड्या मारत चालली आहेत. हा उलगडा वाचला तेव्हापासून मला त्या उड्या निव्वळ विनोदी वाटत नाहीत. वाहतुकीला पैसे नसलेल्या माणसाला शेवटी तरी आपल्या मातीत पोचायचंय, ह्या ओढीतून जन्मलेलं हे भूत आहे. युरोपातला व्हॅम्पायर किल्ल्यात राहणारा सरदार, आणि हा बिचारा घरी निघालेला मजूर.

१९८० साली नट-दिग्दर्शक सॅमो हंगने ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्ये भूतं आणि हाणामारी एकजीव करून दाखवली. त्यात नायकाचा स्वतःचाच हात मंत्राने दुसऱ्याच्या ताब्यात जातो. इथे कसली करामत लागली? एक नट आणि त्याचा एक हात. लहानपणी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीतनाट्याच्या, शाळेत त्याचं शरीर इतकं घडवलं गेलेलं की, उजवा हात खरंच डाव्याचं ऐकत नाही असं आपल्याला वाटतं.

मग १९८५ साली ‘मिस्टर व्हॅम्पायर’ आला. दिग्दर्शक रिकी लाउ, निर्माता सॅमो हंग. ह्या चित्रपटावर थोडा रेंगाळणार आहे. ह्यात नियम आधी सांगितले जातात आणि मग प्रत्येक नियमातून मारामारी जन्म घेते. श्वास रोखला तर प्रेताला तुम्ही सापडत नाही. प्रेताने जखमी केल्यावर होणाऱ्या विषबाधेवर चिकट तांदूळ चालतो, साधा नाही. आणि तांदूळवाला लबाडी करून दोन्ही मिसळून देतो! प्रेत बाहेर येऊ नये म्हणून शवपेटीवर शाई-रक्तात भिजवलेल्या सुताराच्या दोरीने रेघा मारायच्या असतात. मांत्रिकाचे दोघे शिष्य सगळ्या बाजूंनी मारतात, फक्त पेटीचा तळ विसरतात. बस्स, तेवढ्यावरून पुढचा सगळा अनर्थ. एक पेटी, एक दोरी, मूठभर तांदूळ, पिवळे कागद, झालं सामान. पण प्रेक्षकाला नियम पाठ असतात, त्यामुळे नटाच्या आधी तोच दचकतो. आणि ती श्वास रोखण्याची दृश्यं पाहताना आपण स्वतः श्वास रोखून बसतो, हे तुम्हीही अनुभवून पाहा.

कुंग फूची पहिली शिकवण श्वासाची असते. म्हणजे हे भूत लढवय्याच्या नेमक्या मुळावर येतं. त्याची ताकद हीच त्याची चाहूल. इथे ती गाठ सुटते: हात चालणारा माणूसही दुबळा होतो आणि आपण त्याच्यासाठी घाबरतो.

आता त्या चित्रपटातली दोन माणसं. मांत्रिक गुरू झालाय लाम चिंग-यिंग. तेव्हा त्याचं वय तेहतीसच्या आसपास, पण भुवया जोडून, केसांत करडी छटा आणून तो असा उभा राहतो की दोन पिढ्यांनी त्याला वडीलधारा मानलं. चाहते आजही त्याला ‘यिंगकाका’ म्हणतात. अंगाने सडपातळ, म्हणून पूर्वी नट्यांच्या जागी जोखमीच्या उड्या मारणारा. १९७१च्या ‘द बिग बॉस’पासून तो ब्रूस लीच्या हाताखाली साहसदृश्यांवर काम करत होता. आणि समोर प्रेत झालाय युएन वा, ज्याने ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या जागी कोलांट्या मारल्या होत्या. ब्रूस ली १९७३ साली गेला. बारा वर्षांनी त्याच्या पाठीमागे राहिलेली ही दोन माणसं समोरासमोर येतात, आणि त्यातल्या एकाचा चेहरा ह्या वेळीही रंगाखाली झाकलेलाच असतो. गुडघा न वाकवता, हात ताठ ठेवून, उडीच्या तालावर लढायचं हे किती अवघड आहे! कुंग फू म्हणजे लवचीकपणा, आणि इथे त्यातल्या एका उस्तादाला लवचीकपणाच सोडून द्यायचाय. युएन वाचं कौतुक त्या मानाने फार कमी झालं.

तंत्राचं थोडक्यात सांगतो. हाँगकाँगमध्ये त्या काळी बहुतेक चित्रपट आवाज न घेता चित्रित होत आणि संवाद मागाहून भरले जात. त्यामुळे कॅमेरा कुठेही घुसवता येई, चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देऊ शके. सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा त्याहून कमी चौकटी घेतल्या की पडद्यावर हालचाल किंचित वेगवान दिसते. बाकी तारा, गाद्या आणि माणसांची हाडं.

‘मिस्टर व्हॅम्पायर’ने हाँगकाँगमध्ये सुमारे २ कोटी हाँगकाँग डॉलर कमावले, आणि मग लाट आली. जपानमध्ये मुलं हात पुढे करून उड्या मारू लागली. तैवानमध्ये बालकलाकारांच्या मालिका निघाल्या. लाटेबरोबर गाळही आला. १९८८चा ‘रोबो व्हॅम्पायर’ बघा. दिग्दर्शक गॉडफ्रे हो, ज्याची ख्यातीच दुसऱ्यांचं चित्रीकरण कापून आपल्यात जोडण्याची. त्यात अमली पदार्थांचे तस्कर, उड्या मारणारी प्रेतं आणि चंदेरी पोशाखातला यंत्रमानव आहे. पण नियम कुठलाच नाही. प्रेत कधी धूर सोडतं, कधी बंदुकीच्या गोळ्या झेलतं. ‘वाईट म्हणून मजेदार’ म्हणून असे चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. पैसा दोन्हीकडे बेताचाच होता. एकीकडे कुणीतरी तासन्‌तास बसून विचार केला होता की दोरी तळाला मारली नाही तर काय होईल, दुसरीकडे तो विचारच नव्हता.

लाम चिंग-यिंग त्या मांत्रिकाच्या झग्यातून पुढे फारसा बाहेर पडू शकला नाही. १९८९ साली त्याने स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला, त्यात त्याचा मांत्रिक युरोपीय व्हॅम्पायरला भेटतो आणि पिवळा कागद त्याच्यावर चालतच नाही. नव्वदच्या दशकात तो दूरचित्रवाणीवरही तीच भूमिका करत होता. १९९७च्या नोव्हेंबरात, वयाच्या ४४व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला.

२०१३ साली जुनो माकने ‘रिगर मॉर्टिस’ काढला. त्यात ‘मिस्टर व्हॅम्पायर’मधला एक शिष्य झालेला चिन सिउ-हो एका विझत चाललेल्या नटाची भूमिका करतो. गर्दीच्या, अंधाऱ्या वसाहतीत तो जीव द्यायला येतो. त्याच इमारतीत अँथनी चॅन भेटतो, १९८५मध्ये प्रेतं हाकणारा चष्मेवाला मांत्रिक झाला होता तो. ह्या चित्रपटात त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जियांगशी पकडणारं आहे. पण आता पकडायला कुणी उरलेलं नाही. म्हणून तो खाली एका छोट्याशा जागेत चिकट तांदूळ शिजवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाडग्यात वाढतो.