झोळ वाढण्याआधी

(ग्वाल्हेरमध्ये लश्कर भागातल्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मार्च संपत आला की माझ्या ओपीडीत एक दृश्य रोज दिसतं. आठ-दहा वर्षांचं मूल खुर्चीत बसलेलं असतं आणि बोटं दुमडून पेरांनी डोळे चोळत असतं, अगदी खोलवर दाबून. आई हात खाली ओढते, तो पुन्हा वर जातो. "किती सांगितलं तरी ऐकत नाही हो डॉक्टर." त्याला ओरडू नका. खाज खरी आहे. आपली कोरडी हवा, धूळ आणि पुढे लू, या ॲलर्जीला असंच हवामान लागतं. तिच्यावर नीट इलाज करायचा आणि डोळ्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. फक्त औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने घालू नका. त्यांनी खाज थांबते, पण आत काचबिंदू होऊ शकतो.

मी आज बोलणार आहे ते या चोळण्यातून पुढे काय होऊ शकतं त्याबद्दल. घड्याळावर काच असते तसा बुबुळावर पारदर्शक कॉर्निया असतो, मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. काही मुलांमध्ये तो मुळातच नाजूक असतो. तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. हा केराटोकोनस. चोळल्याने तो वाढतो. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलतो, त्यातही सिलिंडरचा (कॉर्नियाच्या असमान वक्रतेचा) नंबर वाढतो, आणि नवा चष्मा लावूनही फळ्यावरचं अक्षर दुहेरी किंवा शेपूट फुटल्यासारखं दिसतं. असं असेल तर नवी फ्रेम घेण्याआधी टोपोग्राफी करून घ्या. तो कॉर्नियाचा नकाशा असतो. सुई नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम.

मग शस्त्रक्रिया. नवारीची खाट आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होती. पट्टे सैल पडले की मध्ये झोळ येतो. कॉर्नियातले कोलॅजनचे धागे असेच सैल पडतात. क्रॉस-लिंकिंगमध्ये आपण त्या धाग्यांना एकमेकांशी आडवे टाके घालतो. वरचा पातळ थर हलक्या हाताने काढायचा, अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालायचे (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीला पिवळा रंग ज्याने येतो तेच, जीवनसत्त्व बी-२), आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश. आता कमी वेळाच्या पद्धतीही आहेत. ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी या उपचाराचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध केले, अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

दहा-बारा वर्षांचं समजूतदार मूल नुसत्या बधिर करणाऱ्या थेंबांवर हे करून घेतं. लहान असेल तर भूल द्यावी लागते. दिव्याखाली डोळा हिरवट-पिवळा चमकत असतो, आणि मी मुलाला म्हणते, "निळ्या ठिपक्याकडे बघ, आता किती थेंब झाले ते मोज." मोजताना त्याची भीती जाते. पहिल्या दोन रात्री मात्र दुखतं. हे मी आधीच सांगते, कारण फसवलेलं मूल दुसऱ्या डोळ्याच्या वेळी टेबलावर चढत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आलेला झोळ याने पुरता जात नाही, पुढे वाढायचा थांबतो. चष्मा किंवा लेन्स नंतरही लागणार.

आता माझी चूक सांगते. मोठ्या माणसांत आम्ही आधी आजार वाढतोय याचा पुरावा बघतो आणि मग क्रॉस-लिंकिंग करतो. तोच नियम मी तेरा वर्षांच्या एका मुलीला लावला. "सहा महिन्यांनी या," म्हटलं. मध्ये परीक्षा आली, घरात लग्न निघालं, ती अकरा महिन्यांनी आली. उजवा कॉर्निया साडेतीनशे मायक्रॉनवर आला होता. नेहमीच्या पद्धतीला वरचा थर काढल्यावर चारशे तरी लागतात. पुढे तिच्या डोळ्यात दात्याच्या कॉर्नियाचं रोपण करावं लागलं. २०१२ च्या एका अभ्यासात उपचाराविना ठेवलेल्या मुलांच्या ५९ डोळ्यांपैकी ५२ मध्ये आजार वाढलेला आढळला. मुलांच्या बाबतीत मी आता वाट बघत नाही.

रोपण वाईट आहे असं मुळीच नाही. हल्ली शक्य तिथे कॉर्नियाचा आतला थर मुलाचा स्वतःचाच ठेवतात, त्याला डाल्क म्हणतात. त्यामुळे डोळा भक्कम राहतो आणि शरीराने रोपण नाकारण्याचा धोकाही कमी होतो. पण केसाहून बारीक टाके असतात, मुलांमध्ये ते लवकर सैल पडतात. डोळा लाल झाला की त्याच दिवशी दवाखान्यात यावं लागतं, आणि चेंडूच्या मारापासून डोळा वर्षानुवर्षं जपावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं सांभाळायला लावण्यापेक्षा क्रॉस-लिंकिंगच्या दोन रात्री सोसणं केव्हाही बरं.

मघाशी एका काकूंनी विचारलं, मे महिन्याच्या सुट्टीत करू का? माझं मत उलटं आहे. मे महिन्यात आपल्याकडे ॲलर्जी भरात असते, काढलेला थर भरायला वेळ लागतो आणि मूल चोळतंही जास्त. आधी खाज आटोक्यात आणायची आणि ती आटोक्यात आली की लगेच क्रॉस-लिंकिंग करायचं, मग शाळा चालू असली तरी चालेल. थर काढल्यावर डोळ्यावर पट्टीसारखी बसवलेली लेन्स साधारण चार-पाच दिवसांनी निघते. आठवडाभराचा अभ्यास बुडेल, तो मैत्रिणीच्या वहीतून उतरवता येतो. आणि येताना धाकट्या भावालाही घेऊन या, त्याचाही नकाशा काढून ठेवू.