ओळी सरकताना मशीन रखडतंय? पिक्सेल कोण उचलतंय ते आधी बघा

जुन्या काँप्युटरवर लांबलचक लॉग किंवा टर्मिनलमधला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतला, आउटपुट सरकवताना तो असा रखडत रखडत वर जातो ना, त्याचं खापर आपण लगेच प्रोसेसरवर फोडतो, नाहीतर रॅमवर, आणि मग मशीन अडगळीत जातं. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी डिस्प्लेच्या सेटिंगमधे थोडा वेळ घाला, कारण अक्षरं सरकवायची ताकद त्या मशीनमधे बहुतेक वेळा असतेच, फक्त काम चुकीच्या जागी होत असतं.

एक ओळ वर सरकते म्हणजे आत काय होतं ते बघू. जुन्या टेक्स्ट मोडमधे स्क्रीन म्हणजे ८० कॉलम, २५ ओळी, दर खान्याला २ बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, झाली अख्खी स्क्रीन ४००० बाइटमधे. अक्षराचा आकार काढणं ग्राफिक्स कार्डाचं काम. आता तेच ग्राफिक्समधे करा, १०२४ बाय ७६८, ३२ बिट रंग, म्हणजे दर पिक्सेलला ४ बाइट, एकूण ३१,४५,७२८ बाइट, ३ एमबी. जवळपास ७८६ पट. आणि टर्मिनल फुल स्क्रीन असेल तर खाली एक नवी ओळ आली की हा जवळजवळ सगळा ढीग उचलून एक ओळ वर ठेवायचा, पुढची ओळ आली की परत.

तर मुद्दा हा की ढीग उचलतं कोण. ग्राफिक्स कार्डात त्यासाठीच ब्लिटर असतो, त्याला फक्त सांगायचं की हा चौकोन इथून तिथे हलव, तो कार्डाच्या मेमरीतल्या मेमरीत हलवतो आणि प्रोसेसर मोकळा. पण कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड नीट चालवणारा प्रोग्रॅम नसेल, सिस्टीम कुठल्याही कार्डावर चालणाऱ्या साध्या व्हेसा ड्रायव्हरवर चालत असेल तर हे काम प्रोसेसरवर येतं, आणि तो कार्डाची मेमरी बसवरून, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड जोडणाऱ्या वाटेवरून, वाचतो आणि परत बसवरूनच लिहितो. साधी पीसीआय बस ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, कागदावर सेकंदाला १३३ एमबी. लिहिणं त्यातल्या त्यात बरं चालतं कारण प्रोसेसर डेटा ढकलून पुढे जातो, वाचताना मात्र उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि हे थांबणंच आपल्याला स्क्रीनवर रखडणं म्हणून दिसतं.

म्हणून सगळ्यात आधी ड्रायव्हर. विंडोज एक्सपीत डिस्प्ले प्रॉपर्टीजमधे सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, मग ट्रबलशूट, तिथे हार्डवेअर ॲक्सिलरेशनचा स्लायडर आहे, तो पूर्ण उजवीकडे हवा. कधीतरी काही अडचण आली म्हणून कुणीतरी तो डावीकडे ओढतं आणि मग तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. लिनक्सवर खरा ड्रायव्हर मिळतच नसेल तर शॅडो फ्रेमबफर चालू आहे ना ते बघा, त्यात स्क्रीनची एक प्रत साध्या रॅममधे ठेवतात, हलवाहलवी तिथे होते आणि कार्डाकडे फक्त लिहिणं जातं, महागडं वाचन टळतं. विंडोज व्हिस्टाची गोष्ट वेगळी, ते २००७ मधे आलं तेव्हा खिडक्यांमधलं जुन्या पद्धतीचं रेखाटन कार्डाकडून काढून प्रोसेसरकडे दिलं गेलं, विंडोज ७ मधे त्यातलं काही परत कार्डाकडे गेलं. म्हणजे तिथे चांगला ड्रायव्हर असूनही अक्षरं जड वाटू शकतात, मशीनचा दोष नाही तो.

दुसरं, रंग. ३२ बिटवरून १६ बिटवर या, ३ एमबीचे दीड एमबी झाले, अर्धं ओझं तिथेच उतरलं. १६ बिटमधे ६५,५३६ रंग मिळतात, मजकूर वाचायला ते भरपूर आहेत, फोटोंवर काम करत असाल तर नका करू. हे जुन्या सिस्टीमवरच, विंडोज ८ पासून डेस्कटॉपला १६ बिट ठेवताच येत नाही.

आता अशी एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे कुणी बघत नाही, टर्मिनलची पारदर्शक किंवा चित्रवाली पार्श्वभूमी. विचार करा, ओळी वर सरकल्या पण मागचं चित्र जागेवरच राहायला हवंय, मग चौकोन उचलून वर ठेवून कसं चालेल, चित्रही सोबत वर जाईल की. म्हणजे ब्लिटर असूनही उपयोग शून्य, प्रत्येक ओळीला सगळी खिडकी पहिल्यापासून रंगवायची. एकरंगी सपाट पार्श्वभूमी ठेवा, फरक तिथल्या तिथे दिसतो. वेबपेजवर मागचं चित्र स्थिर ठेवलेलं असतं तिथेही हेच दुखणं.

फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणं हाही तसाच प्रकार. कडेचा पिक्सेल अक्षराचा रंग आणि मागचा रंग मिसळून काढायचा असतो, म्हणजे मागचा रंग माहीत हवा, तो कार्डाच्या मेमरीतून वाचायचा तर परत तेच थांबणं. तरी मी सरसकट बंद करा म्हणणार नाही, दिवसभर वाचायचं असेल तर डोळे आधी. टर्मिनलपुरता बिटमॅप फॉन्ट, म्हणजे कडा न मिसळता ठरावीक ठिपक्यांचा फॉन्ट लावा, बाकी राहू द्या.

स्मूथ स्क्रोलिंग मात्र बेलाशक बंद करा. त्यात एका उडीत होणारं काम लहान लहान पायऱ्यांत तोडतात, आणि प्रत्येक पायरीला हलवाहलवी आलीच. हा वाद जुना आहे, १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही (तेव्हा टर्मिनल म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्डचं वेगळं यंत्र) जंप, म्हणजे एका उडीत, आणि स्मूथ असे दोन पर्याय होते, आणि स्मूथमधे सेकंदाला जास्तीत जास्त ६ ओळी जायच्या. लिनक्सवरच्या एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रॅममधे जंप स्क्रोल मुळात चालूच असतो, म्हणजे मागे बऱ्याच ओळी साठल्या की तो एकदम उडी मारतो, तो बंद केलेला नाही ना एवढंच तपासा.

हे सगळं करताना मोजत चला, अंदाजाने नको. एक मोठी टेक्स्ट फाइल टर्मिनलमधे ओता, वेळ बघा, मग तीच फाइल खिडकी मिनिमाइज करून ओता. मिनिमाइज केल्यावर झपकन संपली तर अडथळा डिस्प्लेचाच. दोन्हीकडे सारखाच वेळ लागला तर डिस्प्लेला हात लावू नका, डिस्क किंवा तो प्रोग्रॅमच हळू आहे.

रिझोल्यूशन कमी करू का, असं कुणी विचारलं की मी आधी मॉनिटर कुठला ते विचारतो. जुना काचेच्या नळीचा असेल तर खुशाल करा, एलसीडी असेल तर मूळ रिझोल्यूशनच ठेवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. त्याऐवजी टर्मिनलची खिडकी लहान करा, हलवायचे पिक्सेल तेवढेच कमी होतात आणि अक्षरं स्पष्ट राहतात.