गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी

(निपाणीत ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत ‘ज्येष्ठांचं आरोग्य’ असा विषय छापलाय. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, इथंच मेडिकल चालवते. काउंटरच्या आत उभं राहून जे दिसतं त्यातली एकच गोष्ट आज घेते. रोजच्या गोळ्या परत घ्यायला कधी यायचं? ऐकायला किरकोळ वाटतं. पण माझ्या दुकानातली निम्मी धावपळ याच एका गोष्टीपायी होते.

शनिवारी रात्री शटर निम्मं खाली आलं की हमखास कुणीतरी वाकून आत बघतं. “ताई, शुगरची एक पट्टी द्या की, सकाळी शेवटची घेतली.” चिठ्ठी घरी राहिलेली, रिकामी पट्टी कचऱ्यात गेलेली, नाव आठवत नाही. “पांढरी, लांबट गोळी आहे बघा,” एवढीच खूण. आता पांढऱ्या लांबट गोळ्यांनी माझी कपाटं भरलेली आहेत!

घरात गॅसचा सिलिंडर लावला की दुसऱ्याचा नंबर आपण लगेच लावतो. गोळीला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत थांबतो. का थांबतो? पैशाचं कारण असतंच, पेन्शन जमा व्हायची असते. पण त्याहून मोठं कारण मी रोज ऐकते: “डॉक्टरांनी महिन्याच्या दिल्या होत्या, महिना झाला, कोर्स संपला.” अहो, कोर्स सर्दी-खोकल्याच्या औषधाचा असतो. बीपी, शुगर, थायरॉइडची चिठ्ठी महिन्याची असते, आजार महिन्याचा नसतो. डॉक्टर महिन्यानं परत बोलावतात ते तपासायला.

यातून एक विचित्र चक्र सुरू होतं, ते नीट समजून घ्या. गोळ्या संपतात गुरुवारी. डॉक्टरांची वेळ सोमवारची. “सोमवारी जायचंच आहे, नवीन लिहून देतील, मग आता कशाला विकत घ्यायच्या?” असं म्हणून चार दिवस कोरडे जातात. सोमवारी डॉक्टर बीपी मोजतात, ते चढलेलं. तुम्ही सांगत नाही की चार दिवस गोळी नव्हती, कारण ओरडतील. त्यांना वाटतं हा डोस पुरत नाही, म्हणून ते वाढवतात किंवा दुसरी गोळी जोडतात. घरी येऊन तुम्ही शहाण्यासारख्या सगळ्या गोळ्या वेळेवर घेता. आठवड्यानं पहाटे बाथरूमला उठलात की डोळ्यांपुढं अंधारी. दोष ना डॉक्टरांचा, ना गोळीचा. तपासायला जाल त्या सकाळीही बीपीची नेहमीची गोळी घेऊनच जा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असलं तर शुगरची गोळी कधी घ्यायची तेवढं आधी विचारून ठेवा.

आता हिशेब. शेवटच्या गोळीच्या तारखेपासून मागं मोजायचं. मी सकाळी ऑर्डर दिली तर बेळगावच्या होलसेलरकडून माल संध्याकाळी येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्याच्याकडे नसला तर आणखी दोन दिवस. मध्ये एक रविवार किंवा सण धरा. चिठ्ठी जुनी झाली असेल तर डॉक्टरांची गाठ पडायला दोन-तीन दिवस. बेरीज आठवड्याच्या घरात जाते. म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असताना दुकानात यायचं. कोल्हापूरला किंवा मिरजेला दाखवणाऱ्यांनी पंधरा दिवस धरावेत. तिथले डॉक्टर लिहितात त्या कंपनीची गोळी तिथल्या नाक्यावर मिळते, इथं पुष्कळदा नाही मिळत. ती कंपनी इकडं फिरकलेलीच नसते. मग मला औषधाचं मूळ नाव बघून दुसऱ्या कंपनीचं सुचवावं लागतं, तुम्हाला शंका येते, तुम्ही डॉक्टरांना फोन लावता, ते ओपीडीत असतात. यात दोन दिवस सहज जातात.

आणि आपण राहतो तो मुलूखही तसाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगा नदीचं पाणी हायवेवर आलं, कोल्हापूरचा रस्ता बंद. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्याच साली राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी पुढं सोडत नव्हते. सीमाप्रश्नावरून तापलं की एसटी नाक्यापलीकडेच थांबते, हे तर तुम्हाला पाठ आहे. खानापूरकडं, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात झाड पडलं तरी दिवस जातो. तेव्हा मृगाच्या आधीच घरात आठाऐवजी पंधरा दिवसांचं औषध जास्तीचं असू द्या. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, रक्त पातळ करायची गोळी तोवर थांबत नाही.

महाराष्ट्र सरकारनं आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तिच्याबद्दलही लोक मला काउंटरवर विचारतात. ती मोठ्या आजारांच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही, एवढंच सांगते आणि पुढं जाते.

गोळ्या एकाच दिवशी का संपत नाहीत, हा खरा गुंता. एका पट्टीत १० गोळ्या, दुसरीत १५, तिसरीत १४, थायरॉइडची तर बाटलीच येते १०० किंवा १२० गोळ्यांची. समजा, शुगरची गोळी दोन वेळा आणि पट्टी १५ ची. ती साडेसात दिवस जाते. बीपीची एक वेळ, पट्टी १४ ची, दोन पट्ट्या नेल्यात तर २८ दिवस. कोलेस्टेरॉलची रात्री एक, पट्टी १० ची, तीन पट्ट्या, ३० दिवस. म्हणजे ‘महिन्याची’ औषधं वेगवेगळ्या दिवशी संपणार, आणि ३१ दिवसांच्या महिन्यात सगळीच अपुरी पडणार. तुम्ही पुन्हा पुन्हा हेलपाटे घालता, नाहीतर एक संपली की बाकीच्या संपेपर्यंत तिला सुट्टी देता. दुसरंच जास्त होतं.

यावर उपाय एकदाच करायचा. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दुपारी या, गर्दी नसते तेव्हा. ज्या गोळ्या सगळ्यांत उशिरा संपतील तो दिवस धरून बाकीच्यांच्या सुट्या गोळ्या कापून देते, म्हणजे सगळ्या एका तारखेला संपतात. पुढच्या महिन्यापासून एकच तारीख. कोणताही दुकानदार हे करून देईल, नाही म्हणाला तर दुकान बदला. सुट्या गोळ्या घेताना मात्र एक बघा. पट्टीच्या ज्या टोकावर एक्स्पायरी आणि बॅच नंबर असतो ते टोक शेवटपर्यंत राखून ठेवायचं. गोळी दुसऱ्या टोकाकडून काढत यायची. तुम्ही नेमकी तारखेच्या बाजूनं सुरुवात करता, आणि उरलेल्या चार गोळ्या कधीच्या, कसल्या, कुणालाच कळत नाही.

एक दिवस गोळी चुकली की जीव जातो, असं मी म्हणत नाही. थायरॉइडची गोळी अंगात बरेच दिवस रेंगाळते, एखादा दिवस हुकला तर आभाळ कोसळत नाही. पण काही औषधं अचानक थांबली तर उलटतात, ती तुमच्या पिशवीत आहेत का हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. फिट्सची गोळी बंद पडली की फिट येऊ शकते, आणि नेहमीपेक्षा मोठी. हृदयाची गती आवरणाऱ्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या एकदम सोडल्या तर धडधड वाढते, छातीत दुखू लागतं. स्टेंट बसवलेल्यांची क्लोपिडोग्रेल डॉक्टरांच्या परवानगीशिवाय थांबली तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड तर पायरीपायरीनंच उतरवायचं असतं. या औषधांना माझा आठ दिवसांचा नियमही कमी पडतो, पंधराच ठेवा. फिट्सच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळीची कंपनीही शक्यतो बदलू नये. घाईत आलात तर मिळेल ती कंपनी घ्यावी लागते, वेळेत आलात तर तुमचीच मागवता येते. नावापुढच्या ‘एक्सएल’, ‘एसआर’ या अक्षरांकडेही लक्ष असू द्या, म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. साधी मेटोप्रोलॉल आणि एक्सएल एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

इन्सुलिनचा हिशेब वेगळा. आपल्याकडची नेहमीची बाटली १० मिलीची, प्रत्येक मिलीत ४० युनिट, म्हणजे ४०० युनिट. सकाळी २० आणि संध्याकाळी १२ घेत असाल तर १२ दिवस, तेराव्या दिवशी सकाळच्याच सुईला औषध कमी पडतं. पेनच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, पण दरवेळी सुई तपासायला दोन युनिट हवेत सोडता, ते धरा. उलट कुणाला दिवसाला आठच युनिट लागतात, त्यांची बाटली हिशेबानं ५० दिवस जायला हवी. पण एकदा टोचलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकायची असते, खोक्यावर मुदत लिहिलेली असते ती वाचा. तिथं औषध शिल्लक असलं तरी नवीन घ्यायची तारीख येते. बाटलीवर पहिल्यांदा टोचल्याची तारीख पेनानं लिहा. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज, तांबड्या टोपणाची. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची, ती घाईत उचलली तर डोस चुकतो.

दम्याच्या पंपाचं तर कळतच नाही. आतलं औषध संपलं तरी फुस्स आवाज येत राहतो. पाण्यात तरंगतो का बघायची जुनी युक्ती सोडून द्या, ती खरी नाही. पंपावर १२० किंवा २०० डोस लिहिलेले असतात. दिवसाला चार झटके घेत असाल तर २०० चा पंप ५० दिवस. आकडा दाखवणारा पंप असेल तर ३० वर आला की निघा.

चिठ्ठीबद्दल थोडं. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे डॉक्टरांनी पुन्हा द्यायला लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं असतं. बीपीच्या गोळीला दुकानदार जुनी पट्टी बघून देतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, मी साळसूदपणा करत नाही. पण झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, यांची मला वेगळ्या वहीत नोंद करावी लागते, तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिल्या ते, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. तिथं “ताई, ओळख आहे ना?” चालत नाही. म्हणून डॉक्टरांकडून उठण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. किती महिने चालू ठेवायचं ते लिहून घ्या, आणि पुढच्या भेटीच्या तारखेपेक्षा आठ दिवस जास्तीच्या गोळ्या लिहायला सांगा. आजवर कुणी डॉक्टर याला नाही म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

मुलं पुण्या-बेंगळुरूहून ऑनलाइन मागवतात, चांगलं आहे, स्वस्तही पडतं. फक्त पोरगा सहा महिन्यांपूर्वीचा चिठ्ठीचा फोटो पाठवत असतो आणि मध्ये डॉक्टरांनी डोस निम्मा केलेला असतो. डोस बदलला त्याच दिवशी जुना फोटो पुसायला सांगा.

वारीला, सौंदत्तीला, जोतिबाला जाताना ठरल्यापेक्षा चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, आणि त्या हातातल्या पिशवीत. डिकीतल्या बॅगेत नकोत.

आता तुमचे प्रश्न.

(“एवढं करूनही संपल्याच, रात्रीची वेळ आहे, तर?”) रिकामी पट्टी घेऊन उघड्या मेडिकलमध्ये जा, नाहीतर सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, त्याचं बीपी आणि तुमचं बीपी एक नाही. पुरवायची म्हणून आधीपासून अर्धी-अर्धीही करू नका. काही गोळ्या तोडायच्याच नसतात. आणि चुकलेली भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

(“मग तीन महिन्यांचं एकदम घेऊन ठेवलं तर? उरलेलं तुम्ही परत घ्याल ना?”) न कापलेली पट्टी, बिलासकट, थोड्याच दिवसांत आणलीत तर बघते. कापलेली नाही. इन्सुलिन तर कधीच नाही, तुमच्या फ्रिजमध्ये लाइट किती वेळ गेली होती ते मला कळायला मार्ग नाही. डोस ठरलेला असेल, वर्षभर बदलला नसेल, तर दोन महिन्यांचं न्या. नुकतंच सुरू झालं असेल तर महिन्याचंच, वर आठ दिवस.