"पडायचेच दात हैत की" म्हणू नका

(तासगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीत पालकांसमोर एका दंतवैद्य ताईंनी केलेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं सरळ केलेलं.)

मागच्या ताई, जरा पुढं सरका, सतरंजी मोकळी आहे. पोरं खेळू देत, आवाज झाला तरी चालतंय, मी मोठ्यानं बोलते.

मी सांगलीत दातांची प्रॅक्टिस करते, वीसेक वर्षं होत आली, आणि माहेर माझं इथलंच, मणेराजुरीकडचं, त्यामुळं तुमच्या घरात काय बोललं जातं ते मला माहीत आहे. दवाखान्यात आई चार वर्षांचं पोर घेऊन येते, मी तोंड उघडून बघते तर दोन्हीकडच्या दाढा किडलेल्या, म्हणते भरून घेऊया, की आई एकदा पोराकडं एकदा माझ्याकडं बघते आणि म्हणते, "पण म्याडम, हे पडायचेच दात हैत की." आज मी इथं आले ती ह्या एका वाक्यासाठी आले. बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, चार वर्षांची. गाल एवढा सुजलेला की एका बाजूचा डोळा अर्धा मिटलेला, आजीनं वरनं हळदीचा लेप लावलेला, अंगात ताप. मी आईला विचारलं, दुखतंय म्हणून कधी सांगितलं का हिनं? म्हणाली, नाही हो, दातांचं कधी काही बोललीच नाही, फक्त महिनाभर झाला जेवणाचे लय नखरे करतीय, भाकरी नको, पोळी नको, नुसतं दूध-बिस्कीट मागतीय, आणि रात्री रडत उठतीय. आता बघा, हेच तर ती सांगत होती. लहान मूल दाढ दुखतेय असं म्हणत नाही, त्याला दुखणं कुठनं येतंय ते कळतच नाही, ते फक्त चावायचं बंद करतं. एकाच बाजूनं खातं, घास गालात धरून बसतं, कडक काही दिलं की ताट सरकवतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणून धपाटा घालतो. त्या आईला हे समजलं तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण नखरे करतीस म्हणून तिनं पोरीला मारलं होतं. मी तिला म्हटलं ताई, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज तुम्हाला सांगतेय ते म्हणूनच.

त्या पोरीची कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत गेलेली, मुळाशी पू झालेला. पू काढला, औषधं दिली, सूज उतरल्यावर दाढ काढावी लागली. आणि ती दाढ पडायची कधी होती माहीत आहे? दहा-अकराव्या वर्षी. म्हणजे अजून सहा-सात वर्षं तिला त्याच दाढेनं भाकरी खायची होती. दुधाचे दात एकूण वीस असतात, साधारण सहाव्या महिन्यापासून यायला लागतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडतात, ते आपल्याला दिसतात, पोरं कौलावर टाकतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच तेव्हा पडतात. पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. शिवाय त्या खालच्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेल्या असतात. लवकर काढली की शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते, मग खालून येणारा दात वाट मिळेल तिकडनं वाकडा येतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो तसं आहे हे, रुमाल उचलला की दुसरं कुणीतरी बसलंच. म्हणून दाढ काढली तर तिथं जागा राखायला तार बसवावी लागते, त्या पोरीला पण बसवली.

आणखी एक गोष्ट, ही फार जणींना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागं एक नवीन दाढ येते, वर-खाली मिळून चार. काहीच पडत नाही आणि ती येते, त्यामुळं घरात कुणाला पत्ता नसतो, आणि कळलं तरी दुधाचीच समजतात. ती कायमची आहे! साठ-सत्तर वर्षं वापरायची दाढ, आणि आठव्या वर्षीच किडून माझ्याकडं येते.

आता कीड म्हणजे काय ते सांगते, कारण आजी, तुमच्या वेळी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातनं किडे पाडायचे, माझ्या आजीनंही घेतली होती. दातात किडा नसतो हो. आपल्या तोंडात बारीक जंतू असतात, साध्या डोळ्यांना न दिसणारे, दातावर जो चिकट पांढरट थर येतो त्यात ते राहतात. आपण गोड खाल्लं की ते पण खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. खाणं थांबलं की लाळ ते आम्ल धुवून काढते, दाताला चुना परत देते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. मधेच परत काही गोड गेलं की लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे किती गोड खाल्लं ह्याच्यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. आणि दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळं कीड भराभर आत जाते.

आपल्या भागात ह्याचा अर्थ काय? बेदाणा. सीझनला तुम्ही शेडवर निवडायला जाता, पोरं बरोबर असतात, खिशात मूठभर बेदाणे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक तोंडात. बेदाणा चांगलाच आहे, आपल्या तालुक्याचं पोट त्याच्यावर आहे, मी बंद करा म्हणत नाही. पण तो चिकट, दाढेच्या खाचेत जाऊन बसतो तो बसतोच. जेवणाबरोबर द्या, वरनं पाणी प्यायला लावा, खूळखूळ करून चूळ भरू दे. दिवसभर खिशात नको. गुऱ्हाळावरची काकवी, चहात बुडवलेलं बिस्कीट, पाच रुपयाच्या पुड्या, सगळ्याला हाच नियम. खोकल्याचं औषध पण गोड असतं, ते दिल्यावर दोन घोट पाणी पाजा.

पण सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं सांगू? रात्री. बाळ रडतंय, दिवसभर रानात राबून तुम्ही थकलेल्या, साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली की झोपतं. मला कळतं ते, मी पण आई आहे. पण झोपेत लाळ जवळजवळ सुटतच नाही, गिळणंही कमी होतं, दूध पुढच्या दातांपाशी साठून राहतं. म्हणून ह्या पोरांचे वरचे चार दात आधी जातात, खालचे वाचतात कारण ते जिभेखाली झाकलेले असतात. साखर घालणं तर आजच बंद करा, बाळाला साखर माहीतच नसते, आपणच चव लावतो. दात आलेल्या बाळाला बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. एकदम सुटत नसेल तर दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, दहा-पंधरा दिवसांत नुसत्या पाण्यावर या. पहिले दोन-तीन दिवस रडेल, सासूबाई म्हणतील कशाला छळतीस लेकराला, तेव्हा माझं नाव सांगा. वर्षाच्या आत मध पण चाटवू नका, बोळ्यावर किंवा बोटावर लावून सुद्धा नाही. तो दातांचा प्रश्न नाही, मधातल्या जंतूंमुळं तेवढ्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

आता घासायचं कसं. तू इकडं ये गं बाळ, नाव नको सांगू, फक्त झोप इथं. बघा, मी मांडी घालून बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय तिकडं, तोंड वर. समोर उभं करून घासलं की फक्त पुढचे दात दिसतात, असं आडवं घेतलं की शेवटच्या दाढेपर्यंत दिसतं. डाव्या हाताच्या बोटानं ओठ अलगद बाजूला. ओठ आणि हिरडी जोडणारी जी मधली पट्टी आहे तिच्यावर बोट आडवं ठेवायचं, ब्रश तिथं लागला की पोरं ओरडतात, मग आपल्याला वाटतं ब्रशच नको म्हणतंय. ब्रश छोटा, मऊ. हिरडी आणि दात जिथं भेटतात तिथं टेकवून छोटे छोटे गोल. बाहेरनं, आतनं, मग दाढांच्या वरनं मागंपुढं. दोन मिनिटं. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत पूर्ण ब्रशभर लावतात तेवढी नाही. पेस्ट फ्लोराइडवालीच घ्या, फ्लोराइड म्हणजे दाताचं कवच घट्ट करणारा क्षार, त्याचं प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास, पाकिटावर लिहिलेलं असतं, दुकानदाराला वाचायला सांगा. फक्त चित्र छान आहे म्हणून मुलांची पेस्ट घेऊ नका, काहींत फ्लोराइड नसतंच. घासून झाल्यावर थुंकायला सांगा पण पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहू दे.

दिवसातनं दोनदा, आणि एकच जमणार असेल तर रात्रीचं धरा, सकाळचं सुटलं तरी एकवेळ चालेल. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत तुम्हीच घासायचे. पोरगं म्हणतं मी घासतो, घासू दे आधी, मग परत तुम्ही घासा. ज्याला स्वतःच्या चपलेचा बंद नीट लावता येत नाही त्याला मागची दाढ काय घासता येणार? बापानं घासलं तरी चालतंय, कुठं लिहिलंय आईनंच घासायचं म्हणून. दात यायच्या आधी पण ओल्या स्वच्छ फडक्यानं हिरड्या पुसत जा, म्हणजे तोंडात आपलं बोट गेलेलं बाळाला सवयीचं होतं.

एक गोष्ट जरा जड मनानं बोलते, आजी रागावू नका. आपल्याकडं बायका मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे. नातू शेजारी बसलेला असतो, आजी घासतीय बघून तो पण डबीत बोट घालतो, आणि घरात कौतुक होतं. माझ्याकडं आठ-नऊ वर्षांची मुलगी आली होती जी रोज मिश्री लावत होती, न लावता पोट साफ होत नाही म्हणाली. एवढ्या वयात! तुमची सवय सुटायला मी वेगळी मदत करीन, पण डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि त्यांच्यासमोर लावू नका.

दवाखान्यात कधी न्यायचं? पहिला दात आला की, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत. दुखायच्या आधी आलेलं पोर खुर्चीला घाबरत नाही. आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम वर्षातनं दोनदा येते, २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, त्यांच्या यादीत किडलेले दात पण आहेत. त्या दिवशी पोर घरी ठेवू नका, आणि टीमनं चिठ्ठी दिली तर ती देवाच्या फोटोमागं खोचून विसरू नका.

शेवटचं, प्रत्येकीनं महिन्यातनं एकदा उजेडात बसून पोराचा वरचा ओठ उचलून बघा. आजी, द्या तुमचा नातू इकडं. दीड वर्षाचा ना? हे बघा सगळ्यांनी, जवळ या. हिरडीच्या अगदी कडेला, दातावर चुन्यानं ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसतेय? चमक नाही तिला, बाकीचा दात चमकतोय. ही कीडच आहे, पण अजून खड्डा पडलेला नाही. आत्ता ही थांबते, ड्रिल लागत नाही, दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावायचा, रात्रीची बाटली बंद, रोज रात्री तांदळाएवढी पेस्ट. रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की मग आपोआप भरत नाही. आजी, ह्याच्या आईला उद्या नाही जमलं तर सोमवारी पाठवा माझ्याकडं, लेप लावायला पाच मिनिटं लागतात, ह्याचे पैसे मी घेत नाही. आणि तीन महिन्यांनी मी परत येणार आहे, तेव्हा हाच ओठ परत उचलून बघू.

बरं, आता ओळीनं आणा पोरांना, खिडकीपाशी, तिथं ऊन आहे. रडणाऱ्याला आधी आणा.