शेवटचे तीन बाद

नमस्कार, श्रोतेहो. एकदिवसीय सामन्याची शेवटची षटकं टाकणारा गोलंदाज आपल्या ओळखीचा आहे. बेसबॉलमध्येही त्याचा एक भाऊबंद असतो. त्याला म्हणतात क्लोजर, म्हणजे रिलीफ पिचरांमधला (बदली म्हणून येऊन चेंडू टाकणाऱ्यांमधला) अगदी शेवटी येणारा. सामना नऊ इनिंगचा, दर इनिंगला प्रत्येक संघाचे तीन गडी बाद करायचे. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग ओढतो, मग मधले येतात, आणि नवव्या इनिंगला आघाडी थोडीच असेल तर क्लोजर. इथे एक नियम फार कडक आहे. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. शिवाय क्रिकेटसारखं एक षटक तू, एक मी असंही नाही. जो उभा आहे तोच टाकत राहणार. त्यामुळे मॅनेजरला शिलकीत किती हात उरलेत हे सतत मोजावं लागतं.

क्लोजरची कमाई 'सेव्ह' या आकड्यात मोजतात. संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना यायचं, किमान एक इनिंग टाकायची आणि आघाडी न सोडता सामना संपवायचा, की एक सेव्ह नावावर. याखेरीज एक-दोन वाटा आहेत, पण रोजचा व्यवहार हाच. आता गंमत बघा. तीन धावांची आघाडी राखली तर सेव्ह, चार धावांची राखली तर बहुतेक वेळा काहीच नाही. त्यामुळे या आकड्यावर फार भाळू नये. 1969 साली सेव्ह अधिकृत झाला आणि त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला पनामात मारियानो रिव्हेरा जन्मला. पुढे 652 सेव्ह करून त्यानं आजवरचा विक्रम केला.

पुएर्तो कायमितो हे त्याचं गाव मासेमारांचं. वडील मासेमारी बोटीवर, मुलगाही काही काळ त्याच कामाला. लहानपणी ग्लोव्ह म्हणून दुधाच्या पुठ्ठ्याची खोकी. 1990मध्ये न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन संघानं त्याला करारबद्ध केलं, 1992मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि 1995मध्ये तो मोठ्या संघात आला तो सुरुवातीचा पिचर म्हणून. दहा सामन्यांत सुरुवात केली, पण डाळ शिजली नाही. कारण साधं आहे. सुरुवातीच्या पिचरसमोर तेच फलंदाज सामन्यात दोन-तीनदा येतात. हातात चेंडूचा एकच खरा प्रकार असेल तर तिसऱ्या खेपेला तो ओळखला जातो. क्लोजरसमोर मात्र फलंदाज एकदाच येतो. रिव्हेराचा जो दोष होता, तो नवव्या इनिंगमध्ये दोषच उरला नाही. 1996मध्ये तेव्हाचा क्लोजर जॉन वेटलँड याच्या आधी येणारा म्हणून त्यानं 107 इनिंगहून अधिक टाकल्या आणि 130 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू खेळूच न देता बाद केलं. पुढच्या वर्षी शेवटची जागा त्याची झाली.

1997च्या जूनमध्ये सहकारी रामिरो मेंडोसाबरोबर सहज फेकाफेकी चालू असताना रिव्हेराचा चेंडू शेवटी वळू लागला. पिचिंग कोच आणि बुलपेनमधल्या (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेतल्या) कॅचरबरोबर बसून त्यानं तो सरळ करायचा खूप खटाटोप केला. वळण काही जाईना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. हाच त्याचा कटर.

पकड पाहा. साध्या वेगवान चेंडूसारखी दोन बोटं शिवणीवर आडवी, किंचित बाहेरच्या बाजूला सरकवलेली, आणि सुटताना दाब मधल्या बोटाचा. मनगट वळवायचं नाही. मनगट वळलं की चेंडू मंदावतो, वळण आधीच दिसतं आणि कोपरावर ताण येतो. दाब कमी पडला तर चेंडू वळतच नाही, प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीच्या, मधोमध सरळ येतो, आणि मग तो प्रेक्षकांत शोधावा लागतो. उजव्या हाताचा पिचर असल्यामुळे चेंडू वळायचा लेगकटरच्या दिशेनं. उजव्या फलंदाजापासून दूर, आणि डावखुऱ्याच्या थेट हाताकडे. खरी कमाल डावखुऱ्यांसमोर व्हायची. ताशी 150 किलोमीटरच्या आसपासच्या चेंडूला प्लेटपर्यंत यायला सुमारे 0.4 सेकंद लागतात. फलंदाजाचा निर्णय त्याच्या निम्म्यातच होऊन जातो. वळण त्यानंतरचं. बॅट जाडीला जास्तीत जास्त 2.61 इंच, आणि मुठीकडे ती पारच बारीक. चेंडू त्या बारीक भागावर बसला की लाकूड मोडतं. 2013मध्ये, त्याच्या शेवटच्या हंगामात, मिनेसोटा ट्विन्सनी त्याला मोडक्या बॅटींची डोलखुर्ची करून भेट दिली. यापेक्षा चपखल भेट कोणाला सुचली असती, देव जाणे.

पण मोडलेली बॅटही दगा देते. 4 नोव्हेंबर 2001, ॲरिझोनातलं फिनिक्स, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, तिचा सातवा आणि शेवटचा सामना. यांकीज 2-1ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये रिव्हेरानं तिघांना स्ट्राइकआउट केलं होतं. नवव्यात मार्क ग्रेसनं सिंगल घेतली, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. पुढच्या फलंदाजानं बंट केला, म्हणजे चेंडू नुसता हलकेच जमिनीवर ढकलला. रिव्हेरानं तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, पण फेक वाया गेली. मग एक बाद. टोनी वोमॅकच्या डबलनं, म्हणजे दोन बेस मिळवणाऱ्या फटक्यानं, बरोबरी. पुढच्याला चेंडू लागला, म्हणून त्याला पहिला बेस फुकट मिळाला, बेसेस भरल्या. आता एक धाव गेली की खेळ खलास, म्हणून क्षेत्ररक्षक आत ओढले, जमिनीवरचा चेंडू थेट घरच्या प्लेटकडे, धाव पूर्ण होते तिथे, फेकता यावा म्हणून. लुईस गोंझालेसच्या बॅटवर कटर अगदी हवा तिथे, मुठीजवळ, बसला. चेंडू मेल्यासारखा उडाला आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, डोक्यावरून अलगद मागे पडला. सामना गेला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर तो सोपा झेल होता. त्याआधी बाद फेरीत सलग 23 सेव्ह त्याच्या नावावर होते.

या धंद्यात असं होतंच. त्याच्या हातून 80 वेळा सेव्ह निसटला आहे. दुसऱ्या दिवशी बुलपेनमधला फोन वाजला की पुन्हा उठायचं. आणि उठण्यालाही किंमत असते. बुलपेनमध्ये वीसेक चेंडू टाकून हात गरम केला, पण मैदानात जायची वेळ आली नाही, तर आकडेवारीत ते कुठेच येत नाही. खांद्याच्या हिशेबात मात्र येतं.

उतारवयात वेग कमी झाला, तशी त्यानं चेंडू टाकायची जागा बदलली. उजव्या फलंदाजांना आत येणारा टू-सीमर आणि बाहेरच्या कडेवरचा कटर, अशी जोडी लावली. 3 मे 2012ला कॅन्सस सिटीत फलंदाजीच्या सरावात उंच चेंडूमागे धावताना गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वय 42. हौसेनं चेंडू पकडायची ती त्याची जुनी सवय होती. पुढच्या हंगामात परत येऊन त्यानं 44 सेव्ह केले.

माझ्या मते त्याची खरी मोजदाद बाद फेऱ्यांत आहे. समोर निवडक संघ, आणि 141 इनिंगमध्ये त्याच्या खात्यावर फक्त 11 धावा. 2019मध्ये हॉल ऑफ फेमच्या निवडणुकीत 425 पैकी 425 मतं त्याला पडली. असं एकमत त्याआधी कधीच झालं नव्हतं.

26 सप्टेंबर 2013. यांकी स्टेडियमवर त्याची शेवटची खेळी. सेव्हचा प्रश्नच नव्हता, टँपा बे संघ 4-0ने पुढे होता. त्यानं चार फलंदाज खेळवले, चारही बाद. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर, पंचांची परवानगी घेऊन, त्याला बाहेर न्यायला मॅनेजरऐवजी अँडी पेटिट आणि डेरेक जेटर हे जुने सोबती आले. पेटिटनं हात पुढे करून चेंडू मागितला. रिव्हेरा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सामना संपल्यावर तो पुन्हा पिचरच्या उंचवट्याकडे गेला, खाली वाकला आणि तिथली मूठभर माती उचलून घेतली.