अहिल्याबाई: दरबार दुपारी २ ते ६, परत रात्री ९ ते ११

नमस्कार मंडळी! सेक्रेटरीताई समोर घड्याळ घेऊन बसल्यात, त्यामुळे चौंडी, ३१ मे १७२५, माणकोजी शिंद्यांची लेक, मल्हाररावांची सून, हे सगळं तुम्हाला पाठ आहे असं धरून पुढे जाते.

आम्ही इंदूरवाले ना, विमानतळ त्यांच्या नावाचा, युनिव्हर्सिटी त्यांच्या नावाची, राजवाड्यासमोर पुतळा, त्यामुळे अहिल्याबाई आमच्याच असं छाती फुगवून सांगतो, पण बाई राहिल्या महेश्वरला नर्मदाकाठी आणि राज्य तिथूनच चालवलं. तिथल्या वाड्यात त्यांची गादी बघा, पांढरी बैठक, लोड, बस्स. एवढी मोठी दौलत आणि बसायची जागा एखाद्या पेढीवरच्या मुनीमजींसारखी!

माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर माळव्यातल्या लोकांना विचारून त्यांचा दिवस लिहून ठेवलाय. उजाडायच्या आधी उठायचं, पूजा, पोथी, दानधर्म, जेवण, मग दुपारी २ ते ६ दरबार, तोही पडद्याआड न बसता, मग पूजा आणि थोडंसं खाणं, आणि रात्री ९ ते ११ परत काम. असं १७६७ पासून १७९५ पर्यंत. काशी विश्वनाथाचं देऊळ, सोमनाथ, गयेचं विष्णुपद आपण कौतुकाने सांगतो, पण मला जास्त भारी वाटतं ते हे की अशा धर्मकार्याचा खर्च खासगीतून, दौलतीच्या पैशाला हात नाही. आणि निपुत्रिक विधवेला दत्तक घ्यायचा असेल तर घेऊ द्या, नजराणा नको, असं सांगणारी बाई त्या काळात!

आता घरचं. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. या सती जायला निघाल्या, मल्हाररावांनी हातापाया पडून थांबवलं. १७६६ ला ते गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला, आणि दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड राघोबादादांना बोलावून दौलत गिळायला बघत होते तेव्हा त्यांना परत पाठवून बाई कामाला लागल्या, फौज तुकोजी होळकरांकडे दिली, कारभार स्वतःकडे.

मग नातू गेला. १७९१ ला जावई यशवंतराव फणसे गेले आणि लेक मुक्ताबाई सती जाते म्हणाली. आईने खूप विनवलं. मुलीचं म्हणणं असं की तुमचं आता वय झालं, तुमच्यानंतर मी कुणासाठी जगू. मी इथे दरवेळी अडकते हो, सासऱ्यांनी जिला थांबवलं तिला स्वतःच्या लेकीला थांबवता आलं नाही, जिचा शब्द अख्खा माळवा ऐकायचा. बाई चितेपर्यंत चालत गेल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते, नंतर तीन दिवस धड खाणं नाही की एक शब्द नाही.

देवी म्हणून हार घातला की हे सगळं सोपं होऊन जातं, म्हणून मला ते आवडत नाही. पुढे चार वर्षं कारभार बघितला त्यांनी, १३ ऑगस्ट १७९५ ला गेल्या, सत्तरीत.

तर इंडियाला जाल तेव्हा इंदूरला पोहे-जलेबी खाऊन सरळ महेश्वर गाठा. साड्या घ्यालच, तो हातमागाचा धंदा त्यांनीच विणकर आणून वसवला, पण आधी वाडा बघा, आणि भाव करताना फार घासाघीस करू नका, विणणाऱ्याचं पोट त्यावर आहे!