आधी श्वास सोडायला शिका

नमस्कार मंडळी! आज प्राणायामाबद्दल बोलूया, आणि पहिलंच सांगून टाकते, छाती फुगवून मोठ्ठा श्वास ओढला की झाला प्राणायाम असं जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते जरा बाजूला ठेवा. खरी मेहनत आहे ती रेचकात, म्हणजे श्वास सोडण्यात.

आता बघा, धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण तसंही 95 ते 100 टक्के असतं, त्यात अजून किती भरणार तुम्ही? फायदा येतो तो वेगळ्या वाटेने. आत्ता मनगटावर नाडी धरून बघा (गाडी चालवत असाल तर नको हं, घरी गेल्यावर), श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात आणि सावकाश सोडताना मंदावतात. हे काम व्हेगस नर्व्हचं, मेंदूपासून छाती-पोटापर्यंत गेलेली नस आहे ती, आणि रेचक लांबवला की तिचा जोर वाढतो आणि शरीर आपोआप निवांत व्हायला लागतं. आपण एरवी मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, ते हळूहळू सहाच्या आसपास आणायचे, पण एका दिवसात नाही, घाई केली की जीव घुसमटतो आणि लोक दुसऱ्या दिवसापासून सोडून देतात.

सुरुवात कशी करायची? पोटावर हात ठेवून बसा. श्वास घेताना पोट बाहेर यायला हवं, बऱ्याच जणांचं नेमकं आत जातं आणि खांदे वर चढतात. आधी हे जमू दे, मग मोजायला लागा, चार आकड्यांत घ्या आणि सहात सोडा, बस्स.

मग अनुलोम-विलोम, म्हणजे एका नाकपुडीने श्वास घ्यायचा आणि दुसरीने सोडायचा, आळीपाळीने. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडायचं, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर, आणि दाब अगदी हलका. काही जण नाक असं चिमटीत धरतात की मान एका बाजूला कलते, कोपर हवेत, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा! एक नाकपुडी चोंदल्यासारखी वाटली तर घाबरू नका, आपल्या नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने जास्त-कमी मोकळ्या होतच असतात. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या सरळ. आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, हे यूट्यूब बघून नाही करायचं, समोर शिकवणारा माणूस हवा.

कपालभातीचं, म्हणजे पोट झटक्याने आत घेत भराभर श्वास सोडण्याचं, तर फारच खूळ आहे सध्या, खरं म्हणजे हठयोगात ती शुद्धिक्रिया म्हणून येते. जोरजोरात करून हातापायाला मुंग्या आल्या, गरगरलं, तर लोकांना वाटतं शक्ती संचारली, अहो नाही, कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून होतं ते, तिथेच थांबा. बीपी जास्त असेल, हर्निया असेल, फिट येत असतील, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदर असाल तर ती करूच नका.

माझी लाडकी म्हणाल तर भ्रामरी. तोंड मिटून, दात एकमेकांना न चिकटवता, श्वास सोडताना मऽऽ असा गुंजारव. रेचक आपोआप लांबतो, मोजायची कटकट नाही. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड (सायनसमध्ये तयार होणारा एक वायू) शांत श्वासापेक्षा 15 पटींपर्यंत वाढतो, पण म्हणून सायनसची औषधं फेकून देऊ नका, दम्याचा पंपही चालूच ठेवा.

वेळ सकाळची बरी, जेवणानंतर मात्र तीनेक तास जाऊ द्या. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ ताठ असली म्हणजे झालं.